सदृश प्लवकांची ओळख आणि जनुकीय पद्धती : एक चिकित्सा

सागरी प्लवकांच्या अभ्यासात जनुकीय पद्धती आल्यापासून सूक्ष्मदर्शकाचे काम संपले, असा समज जीवशास्त्राच्या वर्तुळात रूढ होऊ पाहत आहे. २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी तंतुकणिकेतील एका जनुकाच्या तुकड्यावरून प्राण्यांची प्रजाती ओळखण्याची ‘डीएनए बारकोड’ पद्धत मांडली. तिचे मोल वादातीत आहे. तिच्याविषयीचा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

त्यासाठी वर्सोवा हे योग्य स्थळ होय. १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था येथे आहे, आणि कोळीवाडाही येथेच आहे. डोल जाळ्यात सापडणाऱ्या जवळ्याला कोळी समाजात एकच नाव पुरते. शास्त्राला ते पुरत नाही. ‘अ‍ॅसेटिस’ या वंशातील प्रजाती बाह्यतः इतक्या सारख्या असतात, की नराच्या जननावयवांसारख्या सूक्ष्म लक्षणांवरून त्या निश्चित कराव्या लागतात. अपरिपक्व जीवांत ही लक्षणे पूर्ण विकसित नसतात. येथे जनुकीय पुरावा निर्विवादपणे उपकारक ठरतो.

परंतु जनुकक्रम स्वतःचे नाव सांगत नाही. तो ज्या नमुन्याशी ताडावयाचा, त्याला कोणा जाणकाराने आधी नाव दिलेले असावे लागते. या संदर्भात ‘नॉक्टिल्युका’चे उदाहरण बोलके आहे. रात्री सागरास निळी चमक देणाऱ्या या प्लवकाच्या हिरव्या रूपात एक सहजीवी शैवाल वास करते. आर. सुब्रह्मण्यन यांनी १९५४ मध्ये कालिकतच्या समुद्रातील नमुन्यांवरून त्याला ‘प्रोटोयुग्लिना नॉक्टिल्युकी’ असे नाव दिले. १९७६ मध्ये स्वीनी यांनी ते ‘पेडिनोमोनास’ वंशात हलविले. २०१६ मध्ये तीन जनुकांच्या विश्लेषणाने सुब्रह्मण्यन यांचेच नाव पुनःस्थापित झाले. मात्र त्यांनी मानलेले युग्लिना-कुल टिकले नाही, ते हरित शैवाल ठरले. जनुकांनी नाते दुरुस्त केले खरे, पण पुनःस्थापित करण्याजोगे नाव व वर्णन सूक्ष्मदर्शकानेच मागे ठेवले होते.

नकाशांचा प्रश्न याहून बिकट आहे. १९६० ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे प्राणिप्लवक फॉर्मलिनमध्ये राखले गेले. फॉर्मलिन आकार टिकवते, डीएनए मात्र खिळखिळा करते. त्यामुळे जुन्या नोंदींतील एका नावाखाली प्रत्यक्षात किती प्रजाती दडल्या आहेत, हे त्याच नमुन्यांवरून उलगडणे दुष्कर झाले आहे. उलटपक्षी, केवळ पाण्यातील डीएनएवरून काढलेला नकाशाही निर्धास्तपणे स्वीकारता येत नाही. मालाडच्या खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीबरोबर मृत पेशीही वाहत येतात, आणि जनुकप्रतींची संख्या प्रजातीगणिक बदलत असल्याने सापडलेल्या क्रमांवरून जीवांची संख्या ठरत नाही. अशा नकाशात ‘आढळ’ आणि ‘विपुलता’ या दोन संज्ञांची सरमिसळ होते. हा दोष यंत्राचा नव्हे, अन्वयार्थाचा आहे.

जवळ्यासारख्या जीवाचा एखादा पाय डीएनएसाठी काढून उरलेला देह अल्कोहोलमध्ये, छायाचित्र व स्थळ-काळाच्या नोंदीसह जपणे फारसे खर्चिक नाही. तरीही अनेकदा संपूर्ण नमुना वाटून टाकला जातो आणि मागे केवळ अक्षरांची माळ उरते. पुढे नावाविषयी शंका निघाल्यास पुन्हा पाहण्यासारखे काहीच शिल्लक नसते.