वादातील सभ्यता आणि भाषाशुद्धी

राजकीय वादात सभ्यता कशात असते, या प्रश्नाला 'आदरार्थी बहुवचनात' असे उत्तर सहसा दिले जाते. ते अपुरे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त (१८७४–१८८१) जोतीराव फुल्यांवर केलेली टीका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. 'गुलामगिरी'चा (१८७३) विषय जातिव्यवस्थेने लादलेले दास्य. शास्त्रीबुवांचा रोख मात्र पुष्कळ अंशी लेखकाच्या अशुद्ध भाषेवर व व्याकरणाच्या अज्ञानावर. निबंधमालेचे गद्य मराठीस भूषणावह आहे, यात संशय नाही. त्यातील उपरोध आजही वाचकास मोहवितो. परंतु विधान खोडण्याऐवजी ते करणाऱ्याची भाषा हास्यास्पद ठरविली की वाद खुंटतो, आणि तोंड बंद होते ते बहुधा दुर्बल पक्षाचे.

हा प्रश्न जुन्या ग्रंथांपुरता नाही. कर्नाळा किल्ला ज्या पनवेल तालुक्यात आहे, तेथे आगरी बोलणारांची वस्ती मोठी आहे. आगरीत 'ण'चा 'न' व 'ळ'चा 'ल' होतो. हे नियमबद्ध ध्वनिपरिवर्तन होय, अज्ञान नव्हे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. प्रमाण मराठी येण्याची अट त्यात नाही. (असती तर किती सरपंच उरले असते, हा वेगळाच प्रश्न.) नळाची तक्रार मांडणाऱ्या स्त्रीच्या 'पानी'वर सभेत हशा पिकला, तर मागाहून जोडलेल्या 'ताई'ने काय साधणार? अध्यक्षाने आधी तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत इतिवृत्तात नोंदवावे; उत्तर त्यानंतर.