‘आपोआप’ या शब्दाची झाडाझडती

मराठी पक्की असली की इंग्रजी आपोआप येते, असं आम्हीही भाषणांतून सांगत आलो. टाळ्या मिळाल्या. आम्ही मराठी शाळांच्या बाजूचे, म्हणूनच हा ‘आपोआप’ आम्हाला तपासायला हवा.

या म्हणण्याला आधार दिला जातो तो कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांचा. दोन्ही भाषांच्या बुडाशी एक सामाईक क्षमता असते, हे त्यांचं म्हणणं. पण १९८१च्या त्यांच्या मांडणीत अट आहे: दुसरी भाषा पुरेशी कानांवर, डोळ्यांवर पडली पाहिजे आणि ती शिकायची ओढ हवी. सभांमधून आम्ही अट गाळली.

आता बघा, पलीकडे जातं काय? उताऱ्यातला मुद्दा पकडणं, अडलेल्या शब्दाचा संदर्भाने अंदाज बांधणं, कारण आणि परिणाम वेगळे काढणं. हे मराठीत जमलेलं पोर इंग्रजी धड्यापुढे तितकं गांगरत नाही. पण ‘ए’ आणि ‘द’ कुठे लावायचे, हे मराठी कशी शिकवणार? आपल्याकडे ते नाहीतच! क्रियापद आपण शेवटी ठेवतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्या उच्चारांतला फरक मराठीत नेमका तसा नाही. स्पेलिंगचं तर विचारूच नका.

महाराष्ट्रात २०००पासून पहिलीलाच इंग्रजी आहे. पण वाडीवस्तीवरच्या पोराच्या कानावर ती शाळेबाहेर पडते किती? त्याच्या आईला आम्ही ‘आपोआप’ सांगितलं, आणि सातवीतही पोराला इंग्रजीत चार वाक्यं जुळवता आली नाहीत, तर धाकटीला ती मराठी शाळेत कशाला घालेल?