घाणेरीवरचे फुलपाखरू : छायाचित्रात काय राहून जाते?

घाणेरीवर बसलेल्या फुलपाखराचे मॅक्रो छायाचित्र आपण सर्वांनीच पाहिलेले असते. डोळ्यांतील भिंगांची जाळी, सोंडेची गुंडाळी अशा साध्या नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी त्यात दिसतात, हे मान्यच आहे. तरीही आमची एक तक्रार आहे. कीटकाची प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराएवढी घेतली, म्हणजे १:१ प्रमाणात, की जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलीच सुस्पष्ट येते. छायाचित्रकार ती डोळ्यासाठी वापरतो आणि फुलांचा गुच्छ धूसर होतो.

खरी गंमत मात्र त्या गुच्छातच असते. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या घाणेरीची फुले उमलताना पिवळी असतात, मग नारिंगी-लाल होतात. मकरंद मुख्यतः पिवळ्या फुलांत असतो आणि फुलपाखरेही तीच निवडतात. ब्राझीलमधील असे निरीक्षण फ्रिट्झ म्यूलर यांनी १८७७ साली ‘नेचर’मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना कॅमेरा लागला नाही.

सोंड कोणत्या फुलात गेली हेच दिसत नसेल, तर चित्र सुंदर असूनही त्यावरून काही ठरवता येत नाही. शिक्षकांनी अशा चित्राखाली ठिकाण, वेळ आणि मोजपट्टी यांचा आग्रह धरावा. त्याआधी वर्गाला कुंपणापाशी नेऊन अर्धा तास मोजायला लावावे : पिवळ्या फुलांवर भेटी किती, लाल फुलांवर किती?