दृश्य पहिले : पाऊस

आमच्या शाखेतल्या तिघांनी आयुष्यात एकेक पटकथा लिहिली आहे, ही गोष्ट बँकेला अद्याप ठाऊक नाही. ठाऊक असती तर 'फावल्या वेळेचा खुलासा सात दिवसांत करावा' असं पत्र वरून कधीच आलं असतं. कर्जखात्यातला माझा मित्र, हेडकॅशियर मॅडम आणि अस्मादिक. तिघांच्याही पटकथा २००४-०५ च्या सुमाराच्या, आणि त्याला जबाबदार 'श्वास'. २००४ साली तो सिनेमा आला, ऑस्करसाठी भारतातर्फे गेला, आणि एक आजोबा, एक नातू नि एक इस्पितळ एवढ्या भांडवलावर सिनेमा उभा राहतो हे कळल्याबरोबर, ज्या ज्या घरात आजोबा शिल्लक होते त्या त्या घरात कुणी ना कुणी पटकथा लिहायला बसला. 'श्वास'मधले आजोबा किती कमी बोलतात, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही मॅडमच्या घरी जमलो आणि एकमेकांच्या पटकथा मोठ्याने वाचल्या. कांदेपोहे होते म्हणून निभावलं.

माझी पटकथा १८४ पानांची. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असं या धंद्यातलं ढोबळ गणित आहे. म्हणजे सिनेमा तीन तास चार मिनिटांचा. (गणित टाइप केलेल्या पानाचं आहे आणि माझी पानं हाताने लिहिलेली, फुलस्केप, पण ही सूट मी घेत नाही.) दृश्य पहिलं : पाऊस. मित्राचं दृश्य पहिलं : रात्र, पाऊस. मॅडमचं : पहाट, दूरवर देऊळ, रिमझिम पाऊस. नवशिक्या लेखकाला पाऊस इतका का लागतो? माझं मत असं, की पाऊस लिहायला एक शब्द पुरतो आणि पाडायला टँकर लागतो. खर्च दुसऱ्याचा असला की माणसाचा हात सैल सुटतो, हे कर्जखात्यात रोज पाहायला मिळतं. दृश्य सत्तेचाळीसमध्ये मी पाच हजारांचा मोर्चा काढलाय. माणशी तेव्हाचा चार रुपयांचा एकच वडापाव धरला तरी वीस हजार झाले. मोर्चा पडद्यावर सव्वा मिनिट, आणि पुढे कथेत त्याचा कुणी साधा उल्लेखही करत नाही.

पण खर्चाचं जाऊ द्या. खरा रोग वेगळाच आहे. कॅमेऱ्याला जे दिसू शकत नाही, नेमकं तेच आम्ही लिहितो. माझंच दृश्य बारा पाहा : 'नायक खिडकीतून बाहेर पाहतो. त्याला आईचे कष्ट, आपलं हुकलेलं इंजिनिअरिंग आणि समाजाची उदासीनता आठवते.' आता यातलं कॅमेऱ्याने घ्यायचं काय? खिडकी. समाजाची उदासीनता घ्यायला कॅमेरामनने उभं कुठे राहायचं? बरं, एवढं आठवून हा गृहस्थ गप्प बसेल तर शपथ! दृश्य तेरात तो हेच सगळं मित्राला सांगतो आणि चौदात प्रेयसीला. एकाच रकमेची तीन खात्यांत नोंद. ऑडिटर असता तर तिथेच लाल शाई पडली असती.

१९७५ सालच्या 'सामना'ची पटकथा तेंडुलकरांची. त्यात श्रीराम लागूंचा मास्तर एका मारुती कांबळेचं पुढे काय झालं, एवढंच विचारत राहतो, आणि त्या एका प्रश्नाने निळू फुल्यांच्या हिंदुरावाच्या वैभवाला तडे जातात. माझा नायक तीन तासांत चाळीसेक प्रश्न विचारतो आणि उत्तरंही तोच देतो. समोरच्या पात्राला काही कामच उरत नाही. ते आपलं मधूनमधून 'हं' म्हणतं. शिवाय प्रत्येक दृश्याच्या शेवटी 'डिझॉल्व्ह'. हा शब्द मी बी.कॉम.ला भागीदारी मोडण्याच्या धड्यात शिकलो होतो. तो सिनेमातही चालतो हे कळल्यावर मला राहवलंच नाही. एकूण एकशे बारा वेळा मोडलीय.

मित्राची पटकथा बँकेवरच्या दरोड्याची. त्यात मोटारींचा पाठलाग आहे, हेलिकॉप्टर आहे, आणि ते सगळं टाकाऊ आहे. पण मधेच एक सहा पानांचं दृश्य आहे. दरोडेखोर पिस्तूल रोखून स्ट्राँगरूमपाशी उभा. स्ट्राँगरूमला किल्ल्या दोन, दोन वेगळ्या माणसांकडे. एक किल्लीवाला हजर, दुसरा जेवायला गेलेला. त्या दोन किल्लीवाल्यांचं गेल्या वर्षीच्या रजेवरून बोलणं बंद आहे. आता त्याला फोन कोण करणार? पिस्तूल डोक्याला लागलेलं असतानाही पहिला म्हणतो, 'मी नाही करणार, तुम्ही करा.' आणि शेवटी दरोडेखोर फोन करतो. हे दृश्य वाचताना मॅडमच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. तिन्ही पटकथांत मिळून ही सहा पानं खरी, कारण लिहिणाऱ्याने ती किल्ली खिशात बाळगलेली आहे. हेलिकॉप्टर त्याने अजूनही जवळून पाहिलेलं नाही.

मॅडमची पटकथा एका सुनेची. सून शेवटी घर सोडते, आणि सोडताना सासूला पावणेपाच पानं सुनावते. मी आणि मित्र हसायला लागलो. मॅडम हसल्या नाहीत.

"हसा," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा मला बोलायचं होतं ते मी सगळं बोलले. आता लिहायला बसले तर दुसरी ओळ लिहायच्या आधी पहिली खोडीन."

"अहो मॅडम, पण सत्यजित राय..." मी म्हणालो.

रायबाबूंचा दाखला आम्हां हौशी मंडळींचा ठेवणीतला. राय कलकत्त्याला जाहिरात कंपनीत नोकरी करत होते, तेव्हा पटकथा लिहिणं हा त्यांचा छंद होता. एखाद्या पुस्तकावर सिनेमा येणार असं कळलं की त्याची स्वतःची पटकथा लिहून ठेवायची, आणि सिनेमा आला की ताडून पाहायची. (आम्ही संध्याकाळी कॅश जुळवतो, तसं.) १९४८ च्या सुमारास रवींद्रनाथांच्या 'घरे बाइरे'ची पटकथा त्यांनी केली. निर्माता मिळाला, त्याला बदल हवे होते, हे ऐकेनात, बेत फिसकटला. तेव्हा फार जिव्हारी लागलं. पुष्कळ वर्षांनी त्यांनी ती पुन्हा वाचली, तर ती त्यांनाच उथळ आणि हॉलिवुडी वाटली; सिनेमा झाला नाही हे आपलं भाग्य, असं त्यांनी लिहून ठेवलंय. 'घरे बाइरे' पडद्यावर आला तो थेट १९८४ साली. मधे 'पथेर पांचाली' (१९५५) होऊन गेला होता, आणि त्याची तर रीतसर पूर्ण पटकथाही नव्हती; होती ती चित्रं आणि टिपणं.

हे सगळं मी रंगात येऊन सांगितलं. मित्र शांतपणे म्हणाला, "त्यांनी मधे इतके सिनेमे केले आणि मग पहिलीला हसले. तू मधे काय केलंस?"

मी पोहे घेतले.

खरं सांगायचं तर आमच्या हसण्यात विनय नव्हताच. पहिल्या पटकथेला हसलं की आपण त्यानंतर फार सुधारलो असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि ऐकणारा बहुधा दुसरी पटकथा मागत नाही. वीस वर्षं मी या एकाच ठेवीच्या व्याजावर जगत आलोय.

घरी येऊन बाड परत माळ्यावर टाकायला निघालो, तेव्हा ते पहिल्यांदाच एकट्याने, नीट चाळलं. त्यात वडिलांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एस.टी.च्या डेपोत हिशेबनीस होते. माझ्या नायकाचे वडीलही डेपोत हिशेबनीस. हा योगायोग नव्हे, कल्पनादारिद्र्य. २००५ साली बाड त्यांच्या हातात देऊन मी आठवडाभर आजूबाजूला घुटमळत होतो. शेवटी विचारलं, "अण्णा, वाचलीत का?"

"वाचली. बरी आहे. पानांना नंबर नाहीत."

एवढंच. मला त्यांचा राग आला होता, आणि तो पुष्कळ दिवस टिकला. अण्णा २०१९ साली गेले. त्यांनी आत काय लिहिलंय हे मी तोवर पाहिलं नव्हतं. दुसऱ्याची मतं कोण वाचतो?

दृश्य एकतीस, नायकाचा पगार अकराशे, आणि तो घरी पंधराशे पाठवतो. समासात : 'वरचे चारशे कुठून?' नायकाच्या वडिलांचं प्रामाणिकपणावरचं दोन पानी भाषण. समासात : 'इतकं कोण ऐकून घेतं?' मोर्चावर नुसतं प्रश्नचिन्ह. इतकी नेमकी समीक्षा मी पुढे पुस्तकांतूनही फारशी वाचली नाही.

शेवटाकडे निवृत्तीचं दृश्य आहे. नायकाचे वडील सत्काराचा हार घरी आणतात, बायकोच्या गळ्यात घालतात आणि पुन्हा एक भाषण करतात. ते भाषण अण्णांनी खोडलेलं नाही, त्यावर शेराही नाही. फक्त हाराच्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलंय : 'हार डेपोतच राहिला. घरी नारळ आणला होता.'

पानांना नंबर त्यांनी घातले होते. सगळ्या. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली रेघ मारून, एक ते एकशे चौऱ्याऐंशी. ज्या माणसाची बेरीज एकतीस वर्षांत डेपोत एकदा चुकली नाही, त्याचे नंबर मी कशाला तपासू? पण त्या रात्री तपासले. १३७ नंबर दोनदा पडलाय. हाराच्या पानावर, आणि त्याच्या पुढच्याही.

म्हणजे पटकथा १८५ पानांची आहे. सिनेमा तीन तास पाच मिनिटांचा.