कोष्टकाचे दोन धर्म : स्प्रेडशीट आणि गावनमुना

स्प्रेडशीटचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ आले. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ पुढे सरसावले. १९८५ मध्ये मॅकिंटॉशसाठी व १९८७ मध्ये विंडोजसाठी ‘एक्सेल’ अवतरले. हा क्रम यथार्थ असला, तरी त्याने या साधनाचे मूल्यमापन होत नाही. आडव्या ओळी व उभे रकाने ही मांडणी त्याहून कितीतरी प्राचीन होय. नवीन गोष्ट एवढीच, की घरात आकड्याऐवजी आकड्यांमधील संबंध लिहिता येऊ लागला. एक आकडा बदलला, की त्यावर विसंबणारी सर्व घरे आपोआप बदलतात. ‘असे झाले तर?’ हा प्रश्न त्यामुळे क्षणात सोडवता येतो.

मावळातील आंबीसारख्या गावाचे महसुली दप्तर हेही कोष्टकच. गावनमुना सातमध्ये भूधारक व क्षेत्र, बारामध्ये पिके, आठ-अ मध्ये खातेदारनिहाय जमीन. परंतु या कोष्टकाचा धर्म निराळा आहे. धारक बदलला, तर जुने नाव पुसले जात नाही. त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक पडतो. त्या क्रमांकावरून नमुना सहामध्ये बदलाचे कारण व मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणन सापडते. येथे बेरजेइतकीच साक्षही महत्त्वाची मानली आहे.

स्प्रेडशीटची खरी उणीव या तुलनेत उघड होते. नवा आकडा जुन्यावर बसतो. बदल कोणी व केव्हा केला, हे जपण्याची सोय अलीकडच्या आवृत्त्यांत आहे. कोणत्या आधाराने केला, हे मात्र लिहिणाऱ्यानेच नोंदवावे लागते. शिवाय साधन स्वतःहून अर्थ लावते. १२/१ असा गटाचा हिस्सा घरात भरताच त्याची तारीख होते, आणि मागाहून घर ‘मजकूर’ ठरवले, तर हाती दिवसांची एक निरर्थक संख्या उरते. हा दोष क्षुल्लक नव्हे. याच कारणाने २०२० मध्ये मानवी जनुकांची काही नावेच बदलणे भाग पडले. राइनहार्ट व रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी वगळल्या गेल्या होत्या. मूळ स्प्रेडशीट इतरांच्या हाती पडल्यावर, २०१३ मध्ये ही चूक उघडकीस आली.

म्हणून साधन त्याज्य ठरत नाही. सात व आठ-अ यांतील क्षेत्रांचा ताळा घेणे, पीकवार वर्गवारी करणे, ही दिवसांची कामे ते मिनिटांत उरकते. तथापि संशोधकाने मूळ नोंदींचे पान अस्पर्श ठेवावे, हिस्सा-क्रमांकाचा रकाना आरंभीच मजकूर म्हणून ठरवावा, दुरुस्ती वेगळ्या पानावर कारणासह लिहावी आणि निष्कर्षाबरोबर सूत्रेही परीक्षकापुढे ठेवावीत. गणिताचा वेग यंत्राकडून घ्यावा; नोंदीची शिस्त मात्र फेरफाराच्या वहीकडून शिकावी. ज्या बेरजेचा माग काढता येत नाही, ती अचूक असली तरी पुरावा म्हणून उभी राहू शकत नाही.