बनावटीचे मूल्य

चौक येथील एका परिचितांच्या ओटीवर राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीचा जुना ओलिओग्राफ आहे. घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या मळवलीच्या छापखान्यातून तो आला, असे घरात सांगतात. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे मळवलीस गेला, श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि १९०६ मध्ये चित्रकार निवर्तल्यावरही त्याच्याच नावाने छापत राहिला. या प्रतींच्या संदर्भात ‘अस्सल’ म्हणजे विशिष्ट छापखान्याची, विशिष्ट काळातली, एवढेच. बाजारात नवे छाप ‘जुने’ म्हणून खपविले जातात, तेव्हा नक्कल होते ती काळाची.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापुढे हा पेच ठेवून पाहावा. संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनीच कृतीचे सौंदर्य सिद्ध होत असेल, तर रंगरेषांची तीच रचना असलेल्या बनावट चित्रात उणे ते काय? आपल्या स्वायत्ततावादी समीक्षेने या प्रश्नाला बहुधा बगल दिली. नेल्सन गुडमन यांचे १९६८ मधील उत्तर मला अधिक ग्राह्य वाटते : दोन चित्रांतील भेद आज डोळ्यांना जाणवत नसला, तरी तो आहे या ज्ञानानेच पाहण्याची रीत बदलते.

बाजाराने हे ज्ञान कागदावर उतरविले. जानेवारी २००९ मध्ये सय्यद हैदर रझा आपल्याच चित्रांच्या दिल्लीतील प्रदर्शनास गेले, आणि त्यांतील अनेक चित्रे आपली नाहीत, असे त्यांना आढळले. साक्ष द्यायला चित्रकार हयात होता. २०१६ मध्ये तेही निवर्तले. अशा प्रसंगांनंतर ग्राहक चित्राआधी जुनी प्रदर्शनसूची, पावती, छायाचित्र मागतो. ज्यांची नोंद आहे त्यांचे भाव टिकतात, चढतातही. गायतोंडे यांचे एक चित्र २०१३ च्या मुंबईतील लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेले. ज्याची सूची कधी छापलीच गेली नाही, असा चित्रकार मात्र अस्सल असूनही संशयित ठरतो. बनावटीची झळ खरी पोचते ती त्याला. धनिक ग्राहकाचे नुकसान त्यामानाने किरकोळ.

यात आपलाही दोष आहे. मराठी चित्रसमीक्षेने आस्वादाची पाने पुष्कळ लिहिली; आकार, माध्यम, साल, मालक यांची नोंद तिला (माझ्याही लेखनाला) कारकुनी वाटली. नकलाकाराचे फावते ते या गाळलेल्या तपशिलांमुळेच.

चौकच्या त्या लक्ष्मीखाली छापखान्याच्या नावाची ओळ आहे. तिचा अर्धा भाग चौकटीखाली दबलेला आहे. चौकट उघडण्यास घरची मंडळी राजी नाहीत. शुक्रवारी तिला हार घालणाऱ्यांना तशी गरजही वाटत नाही.