आठ टेबलांची वही

टीकेसाठीं आमच्याकडे पुस्तकें येतात, हस्तलिखितें येतात. परंतु गेल्या महिन्यांत कागलहून आलेली वस्तु यांपैकीं कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. ती एक साधी शंभर पानी वही आहे. लिहिणारा तरुण आमच्या एका जुन्या स्नेह्यांचा मुलगा असून तेथल्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत नोकरीस आहे. २०२४ च्या पावसाळ्यांत तो संगणकावर पैसे लावून पोकर खेळावयास शिकला, आणि शिकतां शिकतां रोज रात्रीं लिहीत गेला. सोबतच्या चिठ्ठींत एवढेंच आहे: “काका, यात लिहिण्यासारखं काही आहे का ते बघा. बाबांना अजून दाखवलेली नाही.” त्याची अनुमति घेऊनच आम्ही या वहीविषयीं लिहीत आहों. कागलकर घाटग्यांच्या घराण्यांतून शाहू महाराज १८८४ मध्यें कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, आणि आनंद यादवांच्या ‘झोंबी’नें १९८७ मध्यें तेथल्या एका मुलाची शिक्षणासाठीं चाललेली धडपड महाराष्ट्रापुढें ठेविली, त्या गांवाहून कांहीं आलें कीं आम्ही तें जरा सावरून बसून वाचतों, हा आमचा पक्षपात प्रथमच कबूल करून टाकतों.

ज्यांस तीनपत्ती ठाऊक आहे (दिवाळींत ती ठाऊक नसल्याचें सोंग न करणारीं घरें आपल्याकडे थोडीं नाहींत) त्यांस पोकर समजावयास वेळ लागणार नाहीं. प्रत्येकाच्या हातीं दोन पानें झांकलेलीं असतात. मध्यें पांच पानें सर्वांसाठीं उघडीं होतात, प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक. दर टप्प्यास बोली होते, आणि ज्याला नको तो पानें टाकून बाजूस होतो. ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांत दोन एक्के हातीं येण्याचा योग २२१ वेळां एकदां. उरलेल्या २२० वेळां मनुष्य काय करतो, यांतच सारा खेळ आहे. समोरच्याचीं पानें दिसत नाहींत. दिसतें तें त्याचें वागणें. नॉयमन व मॉर्गेन्स्टर्न यांनीं १९४४ मध्यें खेळांच्या गणितावर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पोकरमधील थापेबाजीस मानाची जागा आहे ती याच कारणानें.

वहीचीं पहिलीं एकोणीस पानें एका टेबलाचीं आहेत. टेबल अगदीं हलकें, एक रुपया व दोन रुपये अशा सक्तीच्या बोलींचें. दोनशें रुपये घेऊन बसावयाचें. चेहरे दिसत नाहींत, केवळ टोपणनांव आणि एखादें लहानसें चित्र. तरीहि या तरुणानें त्यांतून माणसें कशीं शोधलीं आहेत तें पाहण्यासारखें आहे. एका पानावर तो लिहितो: “मांजराचं चित्र लावलेला आज पुन्हा होता. मोठा डाव हरला की पुढचे तीन डाव वाटेल त्या पानांवर लावतो. मग एकदम गप्प.” दुसऱ्या एकाच्या टोपणनांवांत नाशिक हा शब्द आहे. त्याच्याविषयीं: “हा चांगली पानं आली की बोली द्यायला उशीर लावतो. विचार करत नसावा. आनंद लपवत असावा.” उशीर म्हणजे लपविलेला आनंद, हें ज्याला नुसत्या पडद्यावरून दिसलें, त्याला लिहितां येतें असें म्हणावयास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं. आमच्याकडे येणाऱ्या कथासंग्रहांपैकीं कित्येकांत इतकें पाहिलेलें नसतें.

विसाव्या पानावर एक वाक्य चौकटींत आहे: “पैज लहान ठेवायची, टेबलं वाढवायची.” हा उपदेश त्याचा स्वतःचा नव्हे, या खेळांत मुरलेले लोक नवागतास तो सर्रास देतात. त्याप्रमाणें त्यानें एकाचीं दोन टेबलें केलीं, दोनाचीं चार, चारांचीं आठ. आणि येथून वही बदलते. मांजरवाला नाहींसा होतो. नाशिककर नाहींसा होतो. उरतें तें असें: “५०४ डाव. वजा ४६.” “१,०७० डाव. अधिक ११२.” “१,१२० डाव. वजा २३०. नाद खुळा पानं आली, तरी वजा.” पानांमागून पानें अशींच आहेत. लेखक तोच, खेळ तोच, पैजहि तीच. मध्यें पडलें तें एवढेंच कीं त्याच्यापुढें एका टेबलाच्या जागीं आठ आलीं. आमची टीका आहे ती या चौकटींतल्या वाक्यावर.

त्या वाक्याच्या बाजूनें दोन गोष्टी आहेत आणि त्या पोकळ नाहींत. पहिली कंटाळ्याची. शहाणा खेळाडू दहांतले सात-आठ डाव आरंभींच टाकून देतो. एकाच टेबलावर बसलेल्यानें तोंवर काय करावें? रिकामा हात लवकरच नको त्या पानांवर पैसे लावूं लागतो. जोडीला दुसरें टेबल असलें तर ही चुळबूळ जिरते. दोन टेबलांपर्यंत आमची तक्रार नाहीं. दुसरी गोष्ट गणिताची. या खेळांत नशिबाचा चढउतार फार मोठा. दोन रुपयांच्या बोलीच्या टेबलावर शंभर डावांमागें सरासरी आठ रुपये मिळविणारा खेळाडू चांगला समजावा. पण त्याच शंभर डावांत नशिबाची लाट सुमारें १८० रुपये वर किंवा खालीं नेते. दहा हजार डावांनंतर त्याची कमाई ८०० व्हावयास हवी, आणि लाट असते सुमारें १,८०० ची! म्हणजे दहा हजार डाव उत्तम खेळूनहि तो तोट्यांत असूं शकतो. एका टेबलावर तासांत पासष्ट-सत्तर डाव होतात. दहा हजारांना दीडशें तास लागतील. तेव्हां टेबलें वाढवा, म्हणजे नशिबाची लाट लवकर ओसरेल आणि तळाशीं काय आहे तें दिसेल, असें हे लोक सांगतात.

युक्तिवाद बरोबर आहे. फक्त तळाशीं काय आहे याची चौकशी त्यांत कोठेंच नाहीं. मोठ्या संख्येचा नियम निःपक्षपाती असतो. जिंकणाऱ्याचें जिंकणें तो जितक्या लवकर समोर आणतो, तितक्याच लवकर हरणाऱ्याचें हरणेंहि. आणि नवशिका म्हणजे तरी कोण? ज्याला अजून जिंकतां येत नाहीं तो. आठ टेबलांवर या तरुणाचे सुमारें ३८,००० डाव झाले. तासांत ५२० डाव, म्हणजे सात सेकंदांस एक. रोज दोन तास धरले तर पांच आठवड्यांचें काम. हेच डाव एका टेबलावर खेळावयास त्याला दहा महिने लागले असते, आणि दहा महिन्यांत माणूस कांहींतरी शिकतो. कांहीं न शिकतां दहा महिन्यांचा तोटा पांच आठवड्यांत करून घेण्याची ही सोय आहे.

तोटा किती? ३,९०० रुपये. एखाद्या सुखवस्तु वाचकास ही रक्कम हंसण्याजोगी वाटेल; पगारी कामगाराच्या घरांत ती तशी वाटत नाहीं. परंतु वहीच्या शेवटीं त्यानें आणखी एक आंकडा उतरला आहे, आणि आमच्या मतें साऱ्या वहींत तोच सर्वांत बोलका आहे. या डावांत टेबलवाल्यांनीं त्याच्या वांट्यास आलेल्या रकमांतून कापलेला हिस्सा ६,१०० रुपये होता. म्हणजे समोरच्या माणसांकडून हा मुलगा २,२०० रुपये जिंकला होता! तो माणसांशीं हरला नाहीं. अड्ड्याच्या भाषेंत जिला नाल म्हणतात तिच्याशीं हरला. नाल ही जुनी संस्था आहे. जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे असें कौटिल्यानें सांगितलें. याज्ञवल्क्य तर शंभरांच्या व त्यावरच्या पैजेस शेंकडा पांच आणि लहान पैजेस शेंकडा दहा असा भेद करतो. आजहि तोच न्याय चालत आला: मोठ्या टेबलांवर या हिश्शास कमाल मर्यादा असते, म्हणून प्रमाणानें पाहतां लहान पैजेवालाच अधिक भरतो. ‘लहान पैज’ आणि ‘पुष्कळ डाव’ या दोन गोष्टी एकत्र केल्या म्हणजे नालीचें पोट जितकें भरतें तितकें दुसऱ्या कशानें भरत नसेल. हें विसाव्या पानावरच्या चौकटींत कोणी लिहून दिलें नव्हतें. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर शेंकडा २८ वस्तु-सेवा कर बसला तो निराळाच.

या साऱ्या व्यवहाराचें समर्थन एका शब्दावर उभें होतें: कौशल्य. १९६७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला, आणि कारण देतांना पडलेलीं पानें स्मरणांत ठेवावीं लागतात असें म्हटलें. तीनपत्तीस तो मान त्यानें दिला नाहीं. पोकरविषयीं न्यायालयांचें एकमत कधींच झालें नाहीं. गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१७ मध्यें त्यास जुगारांत ढकललें, तर पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यानें त्यास जुगाराच्या व्याख्येंतून वगळलें होतें. कागलपुढें थोड्याच मैलांवर कोगनोळीस कर्नाटकाची हद्द लागते. ऑक्टोबर २०२१ पासून १४ फेब्रुवारी २०२२ पर्यंत, म्हणजे तेथील उच्च न्यायालयानें तो कायदा रद्द करीपर्यंत, हद्दीच्या अलीकडे जो कौशल्याचा खेळ तोच पलीकडे गुन्हा होता. शेवटीं २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या केंद्राच्या कायद्यानें, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैशांचा ऑनलाइन खेळ म्हटला कीं बंद, असा निकाल करून टाकला, आणि देशांतील पोकरवाल्यांनीं लगोलग पैशांचीं टेबलें उचललीं. कायद्याचें योग्यायोग्य आम्ही येथें पाहत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं कौशल्य असा मोघम शब्द वापरून भागत नाहीं. कोणतें कौशल्य, हें विचारावें लागतें. ‘आनंद लपवत असावा’ हें ओळखणें एक कौशल्य होय. सात सेकंदांत एक याप्रमाणें ठराविक पानें टाकीत आणि ठराविक पानें ठेवीत जाणें हेंहि कौशल्य असेल, पण तें टपाल कचेरींत पत्रें वेगळीं करणाऱ्याच्या जातीचें आहे. रँडी ल्यू नांवाच्या एका निष्णात खेळाडूनें २०१२ मध्यें आठ तासांत २३,४९३ डाव खेळून विक्रम केला. नफ्यांत राहणें ही अट होती, आणि नफा झाला ७ डॉलर ६५ सेंट! तो विक्रमासाठीं खेळत होता, उपजीविकेसाठीं नव्हे, हें खरें. तरीपण मिनिटाला एकोणपन्नास डाव म्हटल्यावर समोर माणूस बसला आहे याचें भान कोणाला राहील?

आमच्या जुन्या वाङ्मयास द्यूताचें वावडें नव्हतें आणि गणिताचेंहि नव्हतें. वनपर्वांत ऋतुपर्ण राजा धांवत्या रथांतून बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें मोजून दाखवितो, आणि तीच संख्येची विद्या, अक्षहृदय, नलास देतो. विद्या मिळाल्यावर नल काय करतो? पुष्करासमोर जाऊन एकाच पणावर सर्वस्व लावतो. त्याला पुष्कर कोण हें पुरतें ठाऊक होतें. मृच्छकटिकांतला संवाहक (देवलांच्या कृपेनें हें नाटक मराठी घरांत परकें नाहीं) दहा सुवर्ण हरून पळतो, ओसाड देवळांत मूर्ति बनून उभा राहतो, आणि मागावर आलेले दोघे तेथेंच डाव मांडतात तेव्हां फाशांचा आवाज ऐकून त्याला राहवत नाहीं. मूर्ति खालीं उडी मारते. त्याची दुर्दशा पाहून आपण हंसतों, कळवळतों, कारण तेथें हरणारा, जिंकणारा आणि वसुलीस आलेला सभिक, तिघेहि माणसें आहेत. आठ टेबलांच्या वहींत असा प्रसंग घडूंच शकत नाहीं. हरल्याचा राग कोणावर काढावा? समोर कोणीच नसतें. पैज इतकी लहान कीं पश्चात्तापहि पुरता होत नाहीं. ४६ रुपये गेले, उद्यां ११२ येतील. जुगारानें मनुष्य उध्वस्त होतो असें आपण म्हणत आलों. येथें तो उध्वस्त झालाच नाहीं, फक्त त्याची नजर मेली. वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहणाऱ्या आम्हांस हें नुकसान त्या ३,९०० रुपयांहून मोठें वाटतें.

कोणी म्हणेल, वहीच्या उत्तरार्धांत वर्णनें नाहींत कारण लिहावयास वेळ नव्हता. आम्हींहि प्रथम तसेंच समजलों. परंतु सदतिसाव्या पानावर, वीज गेली म्हणून त्या रात्रीं खेळ झाला नाहीं, अशी नोंद आहे, आणि खालीं निम्मे पान कोरें आहे. वेळ होता. सांगण्यासारखें कोणी भेटलें नव्हतें.

वही परत पाठवीत आहों. पहिल्या एकोणीस पानांच्या समासांत पेन्सिलीनें खुणा केल्या आहेत: नाशिककराची नोंद वाढवावी, मांजरवाला गप्प झाल्यावर पुढें काय करीत असे तें आठवत असल्यास लिहावें, ‘वाटेल त्या पानांवर’ असें म्हटलें आहे तेथें एकदां तरी कोणतीं पानें होतीं तें सांगावें. विसाव्या पानापासून आम्हीं पेन्सिल लावलेली नाहीं. बाबांना दाखवावयाची झाल्यास त्यांना तीं पहिलीं पानेंच आधीं वाचूं द्यावींत.